चूक सांगण्याचा धर्म : बालवर्गातील एक उपेक्षित पाठ

शाळेला सुट्टी असते म्हणून अनेक आश्रमांतून व मंदिरांतून रविवारी सकाळी बालसंस्कारवर्ग भरतात. मुले दंडवत घालून ओळीने बसतात, पंचकृष्णांची नावे घेतात, गीतेचा अध्याय म्हणतात, सूत्रपाठातील वचने पाठ करतात आणि शेवटी एखादी लीळा ऐकून प्रसाद घेऊन घरी जातात. हा उपक्रम स्तुत्य आहे, यात शंका नाही. ज्या घरांतून पंथाचा आचार शिथिल झाला होता, त्या घरांत पुष्कळदा मुलाच्या हाताला धरूनच स्मरण पुन्हा आले आहे. परंतु या वर्गांतून जे शिकविले जाते, त्याबरोबर एक गोष्ट न शिकविताही मुलांच्या ठिकाणी उत्पन्न होते. तिच्याकडे संत-महंतांचे व पालकांचे लक्ष जाणे अगत्याचे आहे. ती गोष्ट म्हणजे दुसऱ्याची चूक दिसू लागणे.

काल ज्याला काही ठाऊक नव्हते, त्याला आज थोडे ठाऊक झाले की, त्या ज्ञानाचा पहिला उपयोग तो बहुधा इतरांच्या चुका पकडण्याकडे करतो. शेजारचा मुलगा श्लोक म्हणताना अडखळला की, हा मोठ्याने पुढचे चरण म्हणतो. कोणी दंडवत विसरला की, हा बोट दाखवितो. घरी गेल्यावर आईचे, आजीचे, पाहुण्यांचे वर्तन तो नव्या मापाने मोजू लागतो. यात मुलाचा दोष नाही. नव्या चाकूने मूल दिसेल त्या काडीची साल काढते, तसाच हा प्रकार आहे. परंतु चाकू हाती देणाऱ्याने तो धरावा कसा, हे न शिकविले, तर अपराध कोणाचा?

या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी, कोणत्याही गावात घडू शकेल असा एक प्रसंग कल्पावा.

एका घरात सून उपदेशी आहे. सासू मात्र जन्मभर आपल्या माहेरच्या कुळाचाराप्रमाणे नवरात्रात घट बसविते. दहा वर्षांच्या नातवाला दर रविवारी आश्रमात आणण्याचे काम या आजीचेच. ती त्याचे बोट धरून येते, वर्ग संपेपर्यंत बाहेर लिंबाच्या सावलीत बसते आणि प्रसादाचा कण कपाळाला लावून त्याला घरी नेते. एका रविवारी वर्गात अनन्यभक्तीचा विषय निघतो. देवता आपापल्या मर्यादेतील फळ देतात, मोक्ष मात्र परमेश्वरच देतो, हे मुलांना समजावून सांगितले जाते. शिकविणाऱ्याने सांगितले ते यथार्थ, आणि मुलाने ऐकले तेही यथार्थ. नवरात्र आले. आजीने घटासमोर दिवा लावला. नातू शेजारपाजारच्या बायकांच्या देखत म्हणाला, “आजी, हे सगळे खोटे आहे. याने काही होत नाही. तुला काहीच कळत नाही.”

आजी काही बोलली नाही. दिवा तिने तसाच तेवत ठेवला. पुढच्या रविवारी तिचे गुडघे दुखत होते, म्हणून नातू एकटाच आला. त्याच्या पुढच्या रविवारीही दुखत होते. महिन्याभरात लिंबाखालची जागा रिकामीच राहू लागली.

येथे विचार करावयाचा तो असा. मुलाने सिद्धांत चुकीचा सांगितला काय? नाही. मग झाले काय? परमेश्वराच्या स्थानाच्या उंबरठ्यापर्यंत जो जीव आपल्या पायांनी, प्रेमाने, आठवड्यामागून आठवडे येत होता, तो जीव एका यथार्थ वाक्याने दूर गेला. वाक्य खरे आणि परिणाम अहिताचा, असे जेथे घडते, तेथे सत्याला काहीतरी उणे पडले आहे असे समजावे. ते उणे कोणते?

श्रीकृष्णचक्रवर्तींनी गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगताना वाणीच्या तपाचे जे लक्षण केले आहे, त्यात याचे उत्तर आहे. बोलणे ऐकणाऱ्याच्या मनात खळबळ उत्पन्न न करणारे असावे, ते खरे असावे, प्रिय असावे आणि हिताचे असावे. त्याला स्वाध्यायाची जोड असावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे. यात सत्याला स्थान आहेच, परंतु सत्य एकटे नाही. त्याच्या आधी अनुद्वेग आहे आणि त्याच्या मागे प्रियत्व व हित आहे. चारही लक्षणे एकत्र असतील, तेव्हा त्या बोलण्याला तप ही संज्ञा मिळते. नुसते खरे बोलणे ही माहिती होय. नुसते गोड बोलणे ही खुशामत होय. खरे असून खुपत नाही आणि गोड असून फसवीत नाही, असे बोलणे साधण्यास अभ्यास लागतो. म्हणूनच त्याला तप म्हटले आहे. आणि जे तप आहे, ते मुलांना आपोआप येईल, अशी अपेक्षा कशी करावी?

स्वतः श्रीकृष्णप्रभूंनी अर्जुनाची चूक कशी दाखविली, हेही पाहण्यासारखे आहे. अर्जुनाने शस्त्र टाकले, तेव्हा त्याला प्रारंभी कठोर शब्द ऐकावे लागले, हे खरे. परंतु त्या शब्दांनी उपदेश झाला नाही. अर्जुनाने ‘मी शिष्य आहे, मला शिकवा’ अशी विनवणी केल्यावर, आणि भगवंतांच्या मुखावर जणू स्मित उमटल्यावर खरे निरूपण सुरू झाले. अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर ‘याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसे कर’ या आशयाचे उद्गार आहेत. ज्यांच्याजवळ संपूर्ण ज्ञान होते, त्यांनीही ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य हिरावून घेतले नाही. शिवाय, ज्याला ऐकावयाचे नाही त्याला हे सांगू नये, असाही इशारा तेथेच आहे. मग दोन अध्याय पाठ झालेल्या बालकाने, किंबहुना त्याला शिकविणाऱ्या प्रौढाने, आपले म्हणणे दुसऱ्याच्या गळी तत्काळ उतरलेच पाहिजे, असा आग्रह का धरावा?

सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंच्या चरित्रातील सशाची लीळा बहुतेक मुलांना ठाऊक असते. पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा जीव घेऊन धावत आला आणि स्वामींच्या मांडीखाली शिरला. मागोमाग पारधी आले व ससा मागू लागले. ही लीळा मुलांना सांगताना भर बहुधा सशाच्या सुटकेवर दिला जातो. तो योग्यच आहे. परंतु लीळेचा दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे. स्वामींनी पारध्यांना शिव्याशाप दिले नाहीत, त्यांना पापी म्हणून हाकलून दिले नाही. शरण आलेल्याला मरण नाही, एवढे निश्चयाने सांगितले. आणि मग रानात राहून, गवत खाऊन, पाणी पिऊन आपला निर्वाह करणाऱ्या या जीवांना तुम्ही का मारता, असे त्यांनाच विचारले. उत्तर पारध्यांनी आपल्या अंतःकरणातून काढावयाचे होते, आणि त्यांनी ते काढले, हत्या सोडली.

या लीळेत क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम ज्याला इजा होत होती, त्याला आश्रय. त्यानंतर इजा करणाऱ्याला बोध. मुलांना हा क्रम अवश्य शिकवावा. कोणी लहान मुलाला मारीत असेल, कुत्र्याच्या पिल्लाला दगड मारीत असेल, तर तेथे ‘कोमल शब्द कोणता वापरू’ असा विचार करीत उभे राहणे ही कोमलता नव्हे, ती भीरुता होय. तेथे आधी मध्ये पडावे, मोठ्या माणसांस हाक मारावी. मात्र इजा थांबल्यावर, चुकणाऱ्याशी बोलताना तोही जीवच आहे, अविद्येने बांधला गेला आहे, याचे विस्मरण होऊ देऊ नये. सशावर दया करणे सोपे. पारध्यावर दया करणे हा त्या लीळेचा खरा पाठ आहे.

विद्वानाची चूक दाखविण्याचाही आदर्श परंपरेत आहे. म्हाइंभट विद्येचा अभिमान घेऊन, चर्चा करण्याच्या हेतूने स्वामींकडे आले. त्यांना कोणी सभेत हिणविले नाही. प्रश्नोत्तरांच्या ओघात त्यांचे त्यांनाच आपले उणेपण कळून आले आणि अभिमान गळाला. अपमानाने तो गळला असता, तर वैर उरले असते. बोधाने गळला, म्हणून सेवा उरली. त्याच म्हाइंभटांच्या हातून पुढे लीळाचरित्र सिद्ध झाले. एका माणसाला त्या दिवशी तोडून टाकले असते, तर मराठी भाषा केवढ्या ठेव्याला मुकली असती, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावा. वर्गात जो मुलगा आज आगाऊपणे बोलतो, त्याच्या ठिकाणी काय दडले आहे, हे कोणास ठाऊक?

आचार्य श्रीनागदेवांचा प्रसंग स्मृतिस्थळात आला आहे. केशोबास संस्कृतात उत्तम रचना करीत. शास्त्रविषयही संस्कृतात मांडावा, अशी त्यांची इच्छा होती. आचार्यांनी त्यांना परावृत्त केले, पण कसे? विद्वत्तेची निंदा करून नव्हे, संस्कृताला नावे ठेवून नव्हे. संस्कृतात लिहिल्याने आपल्या भोळ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, एवढे एकच कारण त्यांनी आपलेपणाने सांगितले. चूक दाखविताना ज्याची चूक आहे त्याच्या उणेपणाकडे बोट न दाखविता, ज्यांचे हित व्हावयाचे आहे त्यांच्याकडे बोट दाखविले. केशोबासांचे मन दुखावले नाही. त्यांची बुद्धी वळली. आणि यात मौज अशी की, ज्या म्हाताऱ्यांसाठी आचार्यांचा जीव कळवळला, त्यांच्यासारखीच एक म्हातारी आपल्या प्रसंगात लिंबाखाली बसली होती.

आता दृष्टांत घ्यावा. कोणाच्या पायात काटा रुतला. काढणाऱ्याजवळ सुई आहे. तो उभ्यानेच, दुरून, त्या पायात सुई खुपसू लागला, तर काटा निघेल काय? ज्याच्या पायात काटा आहे तो पाय ओढून घेईल, आणि काटा अधिकच आत जाईल. म्हणून शहाणा मनुष्य काय करतो? तो आधी खाली बसतो. दुसऱ्याचा धुळीने भरलेला पाय आपल्या मांडीवर घेतो. उजेडाकडे वळवितो. काटा नेमका कोठे आहे ते पाहतो. सगळा पाय टोचीत बसत नाही. एका हाताने पाय धरून ठेवतो, दुसऱ्या हाताने सुई चालवितो, आणि काटा निघाला की, तो चारचौघांना दाखवीत फिरत नाही; फेकून देतो आणि त्या जागी अंगठ्याने क्षणभर दाबून धरतो.

दार्ष्टांतिक असे. काटा म्हणजे चूक, सुई म्हणजे सत्य. खाली बसणे म्हणजे विनय. चूक सांगणारा त्या क्षणी वर नसावा, खाली असावा. पाय मांडीवर घेणे म्हणजे आपलेपणा. जो पाय मांडीवर घेण्याची तयारी नाही, त्यातील काटा काढण्याचा अधिकारही नाही. उजेडाकडे वळविणे म्हणजे आपले पाहणे खरे आहे की नाही, याची खात्री करणे. नेमका काटा पाहणे म्हणजे चुकीपुरतेच बोलणे. ‘तुला काहीच कळत नाही’ असे म्हणणे हे सगळा पाय टोचण्यासारखे आहे. काटा न मिरविणे म्हणजे ती गोष्ट पुन्हा दहा जणांना न सांगणे. आणि अंगठ्याने दाबून धरणे म्हणजे चूक सांगून झाल्यावर निघून न जाता, दोन शब्द प्रेमाचे बोलून त्या जीवाजवळ थांबणे.

हा दृष्टांत वर्गात सांगावा; परंतु केवळ सांगून भागणार नाही. पाठांतराला जशी आवृत्ती लागते, तशी या धर्मालाही लागते. दोन दोन मुलांना समोरासमोर बसवून एकाने श्लोक म्हणावा, दुसऱ्याने ऐकावा. अडखळल्यास ऐकणाऱ्याने लगेच तोडू नये. चरण पुरा होऊ द्यावा. मग हळू आवाजात, ‘दादा, हे असे आहे का, आपण पोथीत पाहू या का?’ असे विचारावे. ‘तू चुकलास’ या शब्दांऐवजी ‘पाहू या’ हा शब्द आला की, दोघे एकाच बाजूला येतात आणि पोथी समोर राहते. पुष्कळदा पोथी उघडल्यावर, चूक दाखविणाराच चुकला होता, असेही दिसते. हा अनुभव मुलाला लहानपणी एकदा तरी यावा. त्यासारखा गुरू नाही.

लीळाचरित्राच्या परंपरेत या वृत्तीचे सुंदर उदाहरण आहे. एकाच प्रसंगाविषयी निरनिराळ्या वासना, म्हणजे निरनिराळ्या स्मरणपरंपरांचे पाठ, तेथे नावानिशी नोंदलेले आढळतात. एकाचे स्मरण दुसऱ्याहून भिन्न आहे म्हणून ते पुसून टाकले नाही. ईश्वराच्या लीळेविषयी इतकी निष्ठा असणाऱ्यांनी परस्परांच्या स्मरणाचा इतका आदर ठेवला, तर दोन बालकांनी श्लोकाच्या एका अक्षरावरून हातघाईवर का यावे?

ज्याची चूक दाखविली, त्यालाही काही शिकवावयाचे आहे. चूक ऐकल्यावर रडू नये, उलट दोष काढू नये. ‘सांगितलेत ते बरे झाले’ असे म्हणून दंडवत करावा. आणि हे मुलांनी कोणाकडून शिकावे? शिक्षकाकडूनच. शिक्षक बोलण्याच्या भरात ‘लीळाचरित्र केशोबासांनी लिहिले’ असे म्हणून गेले आणि एखाद्या मुलीने हात वर करून ‘बाबा, ते म्हाइंभटांनी ना? केशोबासांचा दृष्टांतपाठ ना?’ असे विचारले, तर त्या क्षणी शिक्षकाच्या मुखावर जे उमटेल, तोच त्या दिवसाचा खरा पाठ होय. शिक्षक लाजून रागावले, तर चूक सांगणे हे मोठ्यांचे शस्त्र आहे, असे मुले शिकतील. शिक्षक हसून ‘बरोबर, बाळ; माझ्या तोंडून चुकीचे गेले’ असे म्हणाले, तर चूक सांगणे ही सेवा आहे, असे मुले शिकतील. त्या मुलीने आपले म्हणणे प्रश्नाच्या रूपाने मांडले, हात वर करून मांडले, याचे कौतुकही त्याच वेळी करावे.

मोठ्यांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा मुलांना स्पष्ट सांगावी. आई, वडील, आजी, आजोबा, पाहुणे यांचा आचार वेगळा दिसला, तर त्यांना शिकविणे हे मुलाचे काम नव्हे. मुलाचे काम एवढेच की, आपला आचार प्रेमाने पाळावा. कोणी विचारले, तर जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगावे. ठाऊक नसेल, तर ‘बाबांना विचारून सांगतो’ असे म्हणावे. अज्ञ जनांचा बुद्धिभेद करू नये, ज्ञात्याने स्वतः आचरून दाखवावे, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे, ते यासाठीच. यात सिद्धांताची तडजोड नाही. अनन्यभक्ती ही आपल्या अंतःकरणाची निष्ठा आहे; दुसऱ्याच्या अंतःकरणावर मारावयाचा दगड नव्हे. ज्याची निष्ठा पक्की, त्याला आवाज चढविण्याचे कारण पडत नाही.

कोणी म्हणेल, अशाने मुले मुळमुळीत होतील, सत्य सांगण्यास कचरतील. ही शंका अनाठायी नाही. परंतु अनुभव उलट आहे. ज्याला केवळ फटकारणे ठाऊक असते, तो बलवानापुढे गप्प बसतो आणि दुर्बळापुढे बोलतो. ज्याला आदराने बोलणे साधले आहे, तो शिक्षकापुढे, महंतांपुढे, आपल्याहून थोर असलेल्या कोणापुढेही बोलू शकतो. कारण त्याला बोलण्यासाठी रागाचे बळ उसने आणावे लागत नाही. महदाइसांनी स्वामींना किती प्रश्न विचारले, हे सर्वश्रुत आहे. आणि त्यांच्या जिज्ञासेचे स्वामींनी कौतुकच केले.

आता त्या आजीकडे वळावे. लिंबाखालची जागा रिकामी दिसली, तेव्हा वर्गाला शिकविणाऱ्या तपस्विनी बाईंनी मुलाला जवळ बोलावून कारण विचारले. त्याने घडले ते सर्व सांगितले, आणि शेवटी विचारले, “बाई, मी खोटे बोललो का?” बाई म्हणाल्या, “नाही, बाळ. खोटे बोलला नाहीस. पण तुला येथे कोण घेऊन येत होते?” मुलगा गप्प राहिला. मग बाईंनी आपल्याकडेही दोष घेतला. “सिद्धांत मी तुला शिकविला, तो घरी कसा न्यावा, हे शिकवावयाचे राहिले. ती चूक माझी. आता आजीजवळ जा. सिद्धांताबद्दल क्षमा मागू नकोस, शब्दांबद्दल माग.”

मुलगा घरी गेला. आजीच्या पायांशी बसून म्हणाला, “आजी, मी तुला ‘काही कळत नाही’ म्हणालो, ते वाईट बोललो.” आजीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पुढच्या रविवारी गुडघे दुखत असूनही ती त्याचे बोट धरून आली. तिने घट बसविणे सोडले, असे या कथेत सांगावयाचे नाही. तो तिचा आणि परमेश्वराचा प्रश्न आहे. एवढेच सांगावयाचे की, परतीच्या वाटेवर तिने नातवाला विचारले, “आज काय सांगितले रे तुमच्या बाईंनी?” आणि तो तिला, तिच्या चालीने चालत, सशाची लीळा सांगू लागला.

मार्ग तुटला होता, तो जुळला. जीव पुन्हा उंबरठ्यापर्यंत आला. याहून अधिक काही घडवून आणणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु एवढे मात्र मनुष्याच्या जिभेवर अवलंबून आहे. म्हणून ज्या ज्या ठिकाणी रविवारचे बालवर्ग भरतात, तेथील संत-महंतांनी, तपस्विनींनी व सद्भक्त पालकांनी नामस्मरण, पाठांतर आणि लीळाश्रवण यांच्या जोडीला हा चौथा पाठही ठेवावा. मुलांच्या हाती सत्याची सुई देण्यापूर्वी त्यांना दुसऱ्याचा पाय मांडीवर घ्यावयास शिकवावे. आणि ते शिकविण्यापूर्वी आपली मांडी तशी आहे की नाही, हे प्रत्येकाने एकांतात पाहावे.

सर्व संत-महंतांस व सद्भक्तांस दंडवत प्रणाम.